रेतीतलं कमळ

सरांना घेऊन भांड्यांच्या दुकानात जाऊ नये, हे ठाण्यात आमच्या शाळेत नव्याने लागलेल्या प्रत्येक शिक्षकाला पहिल्या महिन्यातच कळायचं. मला ते कळायच्या आधीच मी गेलो. बहिणीच्या लग्नात द्यायला पितळी तांब्या घ्यायचा होता. सरांनी पहिला तांब्या उचलला, नखाने टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाले, "काळी दोन. पण जरा उतरलेली." मग दुसरा, मग तिसरा. दुकानदार आधी कौतुकाने पाहत होता. सरांनी सगळे तांबे चढत्या स्वराने मांडले आणि दोन पेन्सिली घेऊन त्यांच्यावर भूप वाजवायला सुरुवात केली, तेव्हा त्याने हात जोडले.

"मास्तर, घ्यायचा कुठला?"

"घ्यायचा एकच आहे," सर म्हणाले, "पण हा घेतला तर तुमचा गंधार जातो. त्याचाच विचार करतोय."

तांब्या न घेता आम्ही बाहेर पडलो. बहिणीला मी शेवटी चादर दिली.

ठाण्यातल्या जुन्या माणसांपैकी जे थोडे उरलेत, ते सरांना अजून 'थाळीबुवा' म्हणतात आणि त्यामागची एक गोष्ट रंगवून सांगतात. ती गोष्ट खोटी आहे. ती पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे आणि मी आता नव्वदीला टेकलोय. तेव्हा खरी काय ती सांगून टाकतो. सरांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरातल्यांना मी विचारलेलं नाही, आणि विचारायला तोंडही नाही.

सर शास्त्र शिकवायचे, मी मराठी. ते पंचेचाळिशीचे, मी तेविशीचा. त्यांची नोकरी पक्की, माझी कच्ची. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि घोडबंदर रस्त्याला संध्याकाळी कोल्हे दिसायचे. मी कविता करतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते मला 'कविराज' म्हणत. त्यात चेष्टा किती आणि आदर किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची एक तक्रार कायमची होती. आमच्या वेळापत्रकात गाण्याचा तास शनिवारी आणि ध्वनीचा धडा मंगळवारी असायचा. सर शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणायचे, "हे ज्याने ठरवलं तो माणूस बहिरा असला पाहिजे." वेळापत्रक हेडमास्तर करत, आणि त्यांची खोली भिंतीपलीकडे होती.

परीक्षेतही सरांचं असंच. एकदा त्यांनी नववीला प्रश्न घातला : 'आपली आई आपल्याला जेवायला हाक मारते, त्या आवाजाची लाट काढा.' एका मुलाने पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करवतीसारखे दाते काढले होते. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मी विचारलं, "हे कसं काय?"

"त्याची आई आमच्याच आळीत राहते," सर म्हणाले.

पुतण्यासाठी मुलगी बघायला ते कल्याणला गेले होते, ती हकिगत त्यांच्या पत्नी सांगायच्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. पोह्यांची बशी हातात आली तशी सरांनी पोहे पुतण्याच्या बशीत ओतले आणि रिकाम्या बशीला टिचकी मारली. मुलीचे वडील म्हणाले, "बशी चांगली आहे हो. तडा नाही." सर म्हणाले, "आहे. दिसत नाही, ऐकू येतोय." बशी उजेडात धरली तर खरोखरच केसाएवढा तडा. लग्न झालं. पण त्यानंतर त्या घरी सरांना फराळ कायम द्रोणात मिळाला.

कीर्तनाची कल्पना सरांचीच. शाळेतल्या मुलांना शास्त्र कळलं तरी त्यांच्या आईबापांना कळत नाही, आणि आईबाप व्याख्यानाला येत नाहीत, पण कीर्तनाला येतात. मग शास्त्राचंच कीर्तन का नको? गणपतीत तळ्याजवळच्या मांडवात एक संध्याकाळ त्यांनी मागून घेतली. विषय 'नाद'. पूर्वरंगात नाद म्हणजे काय याचं निरूपण, आणि उत्तररंगात आख्यानाच्या जागी प्रयोग. पदं मी रचायची. मी लिहिलं :

कंप पावतो कण कण जेव्हा, नाद तयाला म्हणती।
कानावरती लाटा येती, त्यांची गाणी होती॥

सरांनी वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "कविराज, 'कण कण' फार मोघम आहे. रेणू लिहा."

"सर, मात्रा बिघडते."

"मग मात्रा सुधारा. रेणू सुधारता येणार नाही."

शेवटी त्यांनी 'कण कण'च म्हटलं, पण प्रत्येक वेळी थांबून श्रोत्यांना सांगितलं, "येथे रेणू समजावे."

प्रयोग मात्र खरोखर देखणा होता. चौकोनी पितळी पत्रा, मधोमध एका स्क्रूने लाकडी खांबावर बसवलेला. त्यावर खाडीची बारीक चाळलेली रेती पसरायची. कडेला एका ठिकाणी बोट टेकवायचं आणि दुसऱ्या ठिकाणी व्हायोलिनचा गज उभा ओढायचा. पत्रा गातो. जिथे तो थरथरतो तिथली रेती उडते, जिथे स्थिर असतो तिथे जाऊन बसते, आणि बघता बघता रांगोळी उमटते. बोटाची जागा बदलली की रांगोळी बदलते. मागच्यांना दिसावं म्हणून सरांनी न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा वर तिरपा टांगला होता.

गज चरईतल्या इनासभाऊंचा. ते चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत. त्यांनी आधी खूप आढेवेढे घेतले. "मास्तर, माझा गज येशूच्या देवळात वाजतो. गणपतीच्या मांडवात वाजला तर फादर काय बोलंल?"

"फादरना सांगा, पदार्थविज्ञानाच्या मांडवात वाजला."

"तो कुठला देव?"

"तो अजून कुणाला पावलेला नाही," सर म्हणाले. इनासभाऊंना हे पटलं. गज तर दिलाच, वर राळेचा खडाही दिला. गजाच्या केसांना राळ चोळल्याशिवाय तो पत्र्याला धरत नाही. राळ चोळायचं काम माझ्याकडे आलं.

कीर्तन रंगलं. सरांच्या डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, गळा बरा. उत्तररंगात त्यांनी गज ओढला, पत्रा गायला, आणि आरशात आठ पाकळ्या उमटल्या. मांडवातल्या सगळ्या माना आरशाकडे वळल्या. मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "अगं बाई, कमळ!"

सर खुशीत येऊन सांगू लागले, "हे कमळ नव्हे. ह्या कंपनाच्या स्थिर रेषा..." पुढचं कोणी ऐकलं नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि त्यांनी पत्र्यावर हळदकुंकू वाहिलं. दुसरीने फूल ठेवलं. तिसऱ्याने नारळ ठेवायला घेतला तेव्हा सर ओरडले, "अहो, पत्र्याचं वजन वाढतंय! स्वर बदलेल!" त्यावर मागून कोणीतरी 'गणपतीबाप्पा' म्हणालं, आणि सगळा मांडव 'मोरया' म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या घरी माणसं यायला लागली. कोणाला मुलीची पत्रिका पत्र्यावर ताडून हवी होती. एक जण बाळकुमहून आला. त्याचा बैल हरवला होता आणि रेतीत दिशा दिसेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. सरांनी त्याला बसवून तासभर अनुनाद समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे उत्तरंला का?"

वहिनी वैतागल्या. "तुमच्या देवस्थानाला चहा करता करता माझे हात दुखले. निदान दानपेटी तरी ठेवा."

हे सगळं हेडमास्तरांच्या कानावर गेलं. हेडमास्तर करडे, इंग्रजी वळणाचे, बंद गळ्याचा कोट घालणारे. देवळाकडे पाहायचेसुद्धा नाहीत. त्यांनी सरांना बोलावलं. मी तिथे हजेरीपट घेऊन उभा होतो, मला जा म्हणाले नाहीत.

"तुम्ही शास्त्रशिक्षक आहात की थाळीबुवा?"

"शास्त्रशिक्षक, साहेब."

"गावात शाळेचं हसं होतंय. शास्त्राचा मास्तर चमत्कार करतो म्हणून संस्थेच्या मंडळींनी मला विचारलं. मी काय उत्तर देऊ?"

सर एकदम उजळले. "साहेब, विसर्जनाआधी मला आणखी एक संध्याकाळ द्या. मी गजाला हात लावत नाही. लोकांनीच ओढायचा. ज्याच्या त्याच्या हातून कमळ उमटलं म्हणजे ते कोणाच्या पुण्याईचं नाही, पत्र्याचं आहे, हे आपोआप सिद्ध होईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर राजीनामा देतो."

हेडमास्तर हे ऐकून जरा नरमले. "ठीक आहे. शेवटचा गज मी ओढेन. शाळा तुमच्या पाठीशी आहे, हेही लोकांना दिसू दे." माणूस कडक होता पण वाईट नव्हता. हे आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

त्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सर पत्र्याजवळ उभे राहून बोट कुठे टेकायचं ते दाखवत. मी बाजूच्या कनातीजवळ. प्रत्येकानंतर गज माझ्याकडे यायचा, मी राळ चोळायचो, केसांवरून बोटं फिरवून पाहायचो आणि पुढच्याला द्यायचो.

पहिली आली बाळकुमची एक आगरी म्हातारी. तिने गज विळ्यासारखा धरला. सरांनी धरायचा कसा ते दाखवलं, तिने ओढला, आणि पाकळ्या उमटल्या. ती आरशात बघत राहिली.

"माझे हातान देव हाय का रं, मास्तर?"

"नाही आजी. पत्र्यात पितळ आहे."

"मंग माझे हातान उमटला कसा?"

"सगळ्यांच्या हातून उमटतो. बघा आता."

म्हातारी बाजूला झाली, पण तिच्या पाया पडायला दोघी-तिघी लगेच पुढे सरसावल्या. सरांनी कपाळावर हात मारला. पुढे न्हावी आला, उमटलं. इनासभाऊ आले, उमटलं. मग आला गावातला एक बदनाम सावकार, ज्याच्या दारावरून जाताना लोक थुंकायचे. त्याने गज ओढला, आणि सगळ्यांत रेखीव कमळ त्याच्या हातून उमटलं. मांडवात कुजबुज झाली. "ह्याच्यासुद्धा?" सरांना आनंद आवरेना. "बघा! गजाला माणूस कळत नाही! गज फक्त घर्षण जाणतो!" लोकांचे चेहरे खरोखर बदलत होते. पाया पडणाऱ्या बायका म्हातारीला सोडून पत्र्याच्या खाली वाकून स्क्रू बघायला लागल्या. अजून एक हात, आणि सर जिंकले असते.

कनातीच्या मागे कार्यकर्त्यांसाठी कांद्याची भजी तळणं चालू होतं. एका ओळखीच्या माणसाने कनात उचलून गरमागरम भज्यांचा कागद माझ्या हातात दिला. मी दुपारपासून उपाशी होतो. चार भजी खाल्ली, बोटं धोतराला पुसली असतील-नसतील, आणि तेवढ्यात सर म्हणाले, "कविराज, गज." मी राळ चोळली, सवयीने केसांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली, आणि गज हेडमास्तरांच्या हातात दिला.

हेडमास्तरांनी कोटाची बाही सावरली. गज ओढला. पत्रा गायला नाही. गज नुसता घसरला, आणि रेती होती तशीच राहिली. त्यांनी पुन्हा ओढला, जोर लावून. काही नाही. तिसऱ्यांदा ओढला, तरी नाही.

मांडवातून एक आवाज आला, फार मोठा नव्हे. "ह्यांच्याच हातून नाही?" आणि तो सावकार उठून म्हणाला, "माझ्या हातून तर उमटलं हो!" मग सगळे हसले.

सरांनी गज घेतला. केसांवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात भज्यांचा कागद अजून होता. तो मी मागे लपवला.

सर लोकांकडे वळले. "गजाला तेल लागलं आहे. तेलाने घर्षण जातं, त्यामुळे पत्रा हलत नाही. हाताचा काही दोष नाही."

"तेल कोणी लावलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. पण ते मी नंतर स्वतःला सांगत आलो असेन. सर म्हणाले, "माझ्याकडून लागलं, साहेब."

एवढंच. 'लागलं' म्हणाले, 'लावलं' नाही. पण लोकांनी अर्थ केव्हाच ठरवला होता : वेळापत्रकावरून दोघांचं वाजलेलं, आणि थाळीबुवाने भर मांडवात हेडमास्तरांवर सूड उगवला. सर सांगत होते, "दहा मिनिटं थांबा, स्पिरिटने गज धुतो, पुन्हा ओढा." ते ऐकायला हेडमास्तर थांबले नाहीत. सरांनी सकाळी राजीनामा दिला. तो परत घ्या असं कोणी म्हणालं नाही.

पुढच्या सोमवारी एक नवल घडलं. हेडमास्तर देवळात अभिषेकाला बसलेले दिसले. बंद गळ्याचा कोट नाही, सोवळं. मग प्रत्येक सोमवारी. शाळेत आम्ही गालातल्या गालात हसलो. मी तर हसवलंसुद्धा. तेलाची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत मी इतक्या वेळा सांगितली, की गज हातात घेताना सर मिशीतल्या मिशीत कसे हसले, हेही त्यात घातलं. सरांना मिशी नव्हती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर डोंबिवलीला गेले. तिथे एका शिकवणीच्या वर्गात लागले असं ऐकलं. दोन वर्षांनी माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. त्या वेळची डोंबिवली म्हणजे विहिरी, भाताची खाचरं आणि मधेमधे एखादी चाळ. चाळीच्या ओट्यावर कीर्तन रंगात आलं होतं. तोच पत्रा, आरसा नवा. मी मागे उभा राहिलो. अंगणात एक बादली होती, साबणाची वडी होती, आणि गज ओढायला आलेली माणसं रांगेने कोपरापर्यंत हात धूत होती. हात धुतल्यावर काही जण ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावत होते. एकाने घोटभर प्यायलंही.

सरांनी मला पाहिलं. कीर्तन संपल्यावर आम्ही ओट्याच्या कडेला बसलो. वहिनींनी चहा आणला, मला "बारीक झालात" म्हणाल्या. मी कसंबसं सुरू केलं, "सर, त्या दिवशी गजाला जे तेल..."

"कांद्याची होती," सर म्हणाले. "ओवा जास्त पडला होता."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"कसं घेणार? साहाय्यकाचे हात पाहणं प्रयोग करणाऱ्याचं काम. ते मी केलं नाही. आता करतो." त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. "हे लोक त्याला तीर्थ म्हणतात. म्हणेनात का! हात स्वच्छ होतात ना? आणि तुमची नोकरी कच्ची होती, कविराज. माझी गेली तरी मला दुसरी मिळणार होती."

"मी हेडमास्तरांना सांगतो," मी म्हणालो.

त्यावर सर एकदम वळून बसले. "सांगा. खरंच सांगा. माझ्यासाठी नव्हे, माझं इथे बरं चाललंय. मी ऐकतो ते सोमवारचं. मी तेल म्हणालो ते त्यांना खोटं वाटलं असणार. सगळ्या गावाच्या हातून उमटलं आणि आपल्याच हातून नाही, हे त्या माणसाने मनाला लावून घेतलंय. मी सांगितलं तर विश्वास बसणार नाही. तुम्ही सांगितलंत तर बसेल. भज्यांसकट सांगा."

मी सांगायचं कबूल केलं. निघताना त्यांनी मला हात धुवायला लावले आणि गज दिला. मी ओढला. कमळ उमटलं.

दुसरा दिवस सोमवार होता. मी सकाळीच देवळापाशी जाऊन उभा राहिलो. हेडमास्तर ओल्या अंगाने पायऱ्या उतरून आले, हातात तांब्याची संध्यापात्रं, कपाळाला भस्म. मला पाहून थांबले. "काय हो, शाळा सोडून इथे? काही काम होतं?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा पुढे मला मिळाली. गाण्याचा तास मी मंगळवारी आणला. हेडमास्तर जिवंत होते तोवर त्यांनी अभिषेक चुकवला नाही. म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो, असं लोक म्हणायचे, आणि मी मान हलवायचो.